रग्बीतल्या सेंटरचं करिअर कसं बघायचं (ओड्रिस्कॉल समोर ठेवून)

रग्बी नव्याने बघायला लागलेल्यांचा कायम हाच घोळ होतो, १२ आणि १३ नंबरचे ते दोघं, म्हणजे सेंटर, नक्की करतात काय तेच कळत नाही, मग स्टॅट्स उघडून ट्राय (समोरच्यांच्या लाइनीपलीकडे बॉल टेकवणं) मोजत बसतात. तसं नका करू, ट्राय तर विंगरचेही, म्हणजे कडेने पळणाऱ्यांचेही, ढीगभर असतात. सेंटर समजून घ्यायचा तर आयर्लंडचा ब्रायन ओड्रिस्कॉल घ्या, १९९९ ते २०१४, सगळं त्यात सापडतं.

आधी नंबर. १२ म्हणजे इनसाइड सेंटर, फ्लायहाफच्या (१० नंबर, खेळ चालवणारा) शेजारचा, धडका देणारा नाहीतर जास्तीचा पासर. १३ आउटसाइड, ओड्रिस्कॉलची जागा. डिफेन्सला ही सगळ्यात बेकार जागा, कारण आजूबाजूला मोकळं मैदान असतं, पुढे घुसून टॅकल करायचा की बाहेर सरकत विंगरच्या मदतीला जायचं हे क्षणात ठरवावं लागतं आणि चुकलं की समोरचा थेट पार. म्हणून समोरच्या टीमचा स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड, म्हणजे पुढचे दांडगे गडी, एकमेकांना भिडून ढकलतात तो) असेल तेव्हा बॉल सोडा आणि १३ कडे बघा, खांदे कुठे वळलेत, पावलं पुढे पडतायत की बाजूला. चांगल्या १३ चं निम्मं काम तर दिसतच नाही, समोरचे त्याच्या बाजूला पासच टाकत नाहीत ना!

जोडी पण बघा. ओड्रिस्कॉलसोबत वर्षानुवर्षं गॉर्डन डार्सी होता. न्यूझीलंडकडे मा नोनू आणि कॉनरॅड स्मिथ, २०११ आणि २०१५ दोन्ही वर्ल्ड कप जिंकलेली जोडी.

आता मॅचेस. पॅरिस २०००, २१ वर्षांच्या पोराने फ्रान्सला तीन ट्राय मारले आणि १९७२ नंतर पहिल्यांदाच आयर्लंड तिथे जिंकलं, २७-२५. ही हायलाइट्समध्ये बघितली तरी चालेल. पण कार्डिफ २००९ पूर्ण बघा, वेल्सला १७-१५ हरवून आयर्लंडने १९४८ नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकणं) घेतला ती. त्यातला ओड्रिस्कॉलचा ट्राय दिसायला काहीच नाही, लाइनीजवळच्या गर्दीत बॉल उचलून खाली वाकून घुसला, बस्स. ते काम फॉरवर्डचं! पण मला विचाराल तर पॅरिसच्या तीनपेक्षा हा एक जास्त सांगून जातो, कारण तोवर वेग आधीसारखा राहिला नव्हता आणि गड्याने खेळच बदलून घेतला होता.

दुखापती आणि डच्चू पण वाचा. २००५ ला लायन्सचा (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडची मिळून एक टीम) कॅप्टन म्हणून न्यूझीलंडला गेला, पहिल्याच टेस्टच्या, म्हणजे देशाच्या टीमविरुद्धच्या मॅचच्या, सुरुवातीला न्यूझीलंडच्या उमागा आणि मेआलामू दोघांनी उचलून आपटला, खांदा निखळला, टूर खलास आणि त्या दोघांवर कारवाई शून्य. २०१३ ला ऑस्ट्रेलियात तिसऱ्या टेस्टला कोच गॅटलंडने त्याला चक्क बाहेर ठेवलं, आयर्लंडमध्ये बोंबाबोंब झाली, पण लायन्स ४१-१६ जिंकले, आता काय बोलणार.

आकडे शेवटी. आयर्लंडसाठी १३३ कॅप्स (म्हणजे खेळलेल्या आंतरराष्ट्रीय मॅच), ४६ ट्राय, लायन्सच्या ८ कॅप्स वेगळ्या. फक्त बेंचवरून दोन मिनिटं उतरला तरी कॅप धरतात, तेव्हा दोन सेंटरची तुलना करताना सुरुवातीच्या १५ मध्ये कोण किती वेळा होता ते आधी तपासा.