गिअर ऑइल घरी भरताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे जुने ऑइल सोडायचा खालचा ड्रेन बोल्ट आधी उघडणे. नवे ऑइल भरायचा वरचा फिलर बोल्ट वर्षानुवर्षे हललेला नसतो, त्यात गोव्याची खारी हवा. तो गंजून घट्ट बसलेला असतो. जुने ऑइल सगळे गळाले आणि भरायचे भोकच उघडेना, म्हणजे गाडी अंगणातच अडकली. म्हणून आधी भोवतीची लाल माती ब्रशने झाडा, फिलर सैल करून बघा, मगच खालच्या बोल्टला पाना लावा.

आता नळी. म्हापसा, फोंडा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी मीटरवर मिळते. दोन मीटर नळी, एक नरसाळे आणि एक होज क्लिप एवढे पुरते. नळी बॉनेटमधून खाली फिलरपर्यंत सोडायची. गवंड्याकडची वापरलेली नळी मात्र नको, तिच्यात सिमेंटची कचकच आणि पाणी असते. आतला व्यास 10 मि.मी.च्या आसपास ठेवा. बारीक नळीने सांडणार नाही असे वाटते, पण व्यास निम्मा केला की प्रवाह जवळपास सोळा पटींनी मंदावतो. मग कंटाळून नरसाळे काठोकाठ भरले जाते आणि ऑइल इंजिनावर ओघळते.

नळी भोकात घट्ट बसवणे ही आणखी एक चूक. ज्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये फिलरच्या खालच्या काठापर्यंत ऑइल भरायचे असते, तिथे ते भोकच मापाची खूण असते. जास्तीचे ऑइल तिथून बाहेर यायलाच हवे. भोक नळीने बुजवले तर कळतच नाही आणि ऑइल जास्त होते. पुढे ते सीलमधून किंवा ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून) गळते. तेव्हा नळीभोवती फट ठेवा, खाली ट्रे ठेवा. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढची बाजू जॅकवर असेल किंवा अंगण उताराचे असेल, तर माप चुकणारच.

भोकातून जास्तीच्या ऑइलची धार लागली की ओतणे थांबवतो, पण नळीत ऑइल उरलेलेच असते. 10 मि.मी.ची दोन मीटर नळी भरलेली असेल तर तब्बल दीडशे मिलीहून जास्त! घाईने ओढलीत तर ते सगळे बाहीवर. थोडे आधीच थांबा, नळी रिकामी होऊ द्या.

हँडवॉशच्या बाटलीचा पंप वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. एका दाबाला एक-दोन मिली येते, गिअरबॉक्सला बहुधा दोनेक लिटर लागते. हिशेब तुम्हीच करा. झाडांवर औषध मारायचा दोन लिटरचा नवा पंप बरा, नोझल काढून नळी जोडायची. औषधाचा जुना पंप नकोच. कोल्ड्रिंकच्या बाटलीला व्हॉल्व्ह लावून कॉम्प्रेसरची हवा तर कधीच भरू नका, बाटली फुटते.

ऑइल जाड वाटले तर बंद डबा वीस मिनिटे गरम पाण्यात ठेवा. जीएल-4 (डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा दर्जा) सांगितले असेल तिथे जीएल-5 ‘भारी’ म्हणून ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायने सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या, पितळेला खाऊ शकतात.

शेवटी वॉशर नवा टाका, बोल्टभोवतीचा भाग कोरडा पुसा. न पुसता दहा किलोमीटर फिरून आलात तर दिसणारा ओलावा भरतानाचा की गळतीचा, ते ओळखता येत नाही.