नेट बंद पडण्याआधीची तयारी: पासवर्ड आधी लिहून ठेवा

राउटरला हात लावायच्याही आधी एक सांगा: तुमच्या कनेक्शनचं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर उतरवलेलं आहे का? वायफायचा पासवर्ड नव्हे. राउटर ज्याने इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करतो, तो पासवर्ड. नसेल तर आज नेट चालू आहे तोवर मिळवा, बाकीचं नंतर वाचा.

गेल्या जुलैत शुक्रवारी रात्री धो धो पावसात आमचं नेट गेलं. बहिणीची सोमवारी सकाळी अकराला ऑनलाइन मुलाखत होती, ती काळजीत, घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी सेफ्टी पिन घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली. सगळे दिवे एकदम विझले, मग एकेक करून लागले, आणि वायफायचं आमचं नाव जाऊन तिथे कारखान्यातलं नाव आलं. नेट काही आलं नाही. बिघाड मुळात घरात नव्हताच. कोपऱ्यावर झाडाची फांदी पडून केबल तुटली होती आणि लाइनमनने ती शनिवारी सकाळी जोडलीसुद्धा. दहा वाजेपर्यंत अख्ख्या इमारतीत नेट सुरू, फक्त आमच्याकडे बंद. पॉनचा, म्हणजे फायबर लाइनचा, दिवा हिरवागार, एलओएस हा लाइन तुटल्याचा लाल दिवा विझलेला, म्हणजे लाइन ठणठणीत, पण इंटरनेटचा दिवा लागेना. रिसेटने युजरनेम-पासवर्ड पुसून टाकलं होतं आणि ते घरात कुठेच लिहिलेलं नव्हतं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. बहिणीने मुलाखत मैत्रिणीच्या घरी जाऊन दिली. सोमवारी दुपारी फोनवर पासवर्ड मिळाला, तोही तिसऱ्या प्रयत्नात लागला, कारण मधलं अक्षर शून्य की इंग्रजी ओ हे सांगणाऱ्यालाही नीट दिसत नव्हतं. एका रात्रीचा बिघाड मी तीन दिवसांचा केला.

म्हणून पहिलं काम तेच. कनेक्शन घेतलं तेव्हाच्या एसएमएसमध्ये, पहिल्या बिलावर किंवा इन्स्टॉलेशनच्या कागदावर युजरनेम सापडेल. पासवर्ड राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते सेटिंगचं पान) असतो, पण तिथे नुसते ठिपके दिसतात, त्याचा फोटो काढून उपयोग नाही. सरळ केबलवाल्याला किंवा कस्टमर केअरला फोन करून मागा. सोबत व्हीलॅन आयडी (कंपनीने लाइनला दिलेला आकडा, तोही राउटरमध्ये भरावा लागतो) विचारा आणि राउटर ब्रिज मोडमध्ये आहे की नाही, म्हणजे लॉगिन तो स्वतः करतो की पुढचं दुसरं यंत्र, तेही. व्हीलॅनचा आकडा चुकला तर पासवर्ड बरोबर असूनही नेट लागत नाही. शून्य, ओ, एक, एल ही अक्षरं लिहिताना शेजारी शब्दात लिहा. मग तो पासवर्ड राउटरमध्ये खरोखर चालतो का, एकदा घालून बघा, आणि हे नेट चालू असताना, दिवसा, त्यांचं ऑफिस उघडं असताना करा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. काही कंपन्यांचा राउटर रिसेटनंतर सगळं सेटिंग आपोआप खेचून घेतो. आपला तसा आहे का हे विचारून घ्या, गृहीत धरू नका.

आणि रिसेट वेगळं, रीस्टार्ट वेगळं. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, बटण चालू. ते हवं तितक्या वेळा करा, काही बिघडत नाही. रिसेट म्हणजे ते भोक आणि ती पिन. फोनवरची माणसं पुष्कळदा “रिसेट करून बघा” म्हणतात आणि त्यांना रीस्टार्टच म्हणायचं असतं. कुठलं म्हणताय, हे तोंडावर विचारा. कागद हातात नसेल तर पिन लावायची नाही.

आता दिवे. नेट चांगलं चालू असताना राउटरचा एक फोटो काढून ठेवा, कोणते दिवे लागलेले असतात ते त्यात दिसलं पाहिजे. नेट गेल्यावर जुळवून बघता येतं. एलओएस लाल लागला किंवा लुकलुकायला लागला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी घरात करण्यासारखं फार थोडं असतं. हिरव्या टोकाची बारीक वायर नीट बसली आहे का बघा, ती सोफ्यामागे दाबली गेली आहे का, दारात चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का. फायबर काचेचं असतं, तांब्याच्या वायरीसारखं मुडपलं की संपलं. हिरवं टोक निळ्या टोकाच्या सॉकेटमध्ये घालू नका: हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं, ते निळ्याशी जुळत नाही. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, आणि डोळ्यासमोर धरून आत तर मुळीच बघू नका. तो लेसरचा प्रकाश आहे, डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. लहान मुलं असतील तर त्यांना तिथून लांब ठेवा. एवढं बघून झालं की सरळ तक्रार करा. एलओएस लाल असताना रिसेट करून तुटलेली लाइन जुळत नाही.

राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे फायबरमधून किती प्रकाश येतो त्याचा, आकडा दिसत असेल तर तोही आत्ताच, सगळं ठीक असताना, त्याच कागदावर टिपा. जीपॉनमध्ये (घरोघरच्या फायबरची एक नेहमीची पद्धत) घरात येणारा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आत असावा लागतो. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत. ३ डीबीने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. आमचा उणे १९ होता, या मे महिन्यात उणे २५ झाला. पावसाआधीच लाइनमनला बोलावून गच्चीवरचा जोड बदलून घेतला आणि तो परत जागेवर आला. आधीचा आकडा लिहिलेला होता म्हणून हे कळलं.

दिवे सगळे बरोबर आणि तरी नेट नाही, तर आधी वायफाय बाजूला ठेवा आणि लॅपटॉप लॅन केबलने जोडा. केबलवर चालतंय तर दोष वायफायचा. राउटर कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा. वेग ९४-९५ एमबीपीएसवर अडकला असेल तर केबल बघा. आत आठ तारा असतात, त्यातली एखादी तुटली की जोडणी १०० वर उतरते आणि प्लॅन ३०० चा असला तरी फरक पडत नाही. काही राउटरचं एकच पोर्ट गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) असतं, तेही तपासा.

मग पिंग, म्हणजे लॅपटॉपवरून एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. आधी १९२.१६८.१.१, म्हणजे राउटर (काहींचा पत्ता वेगळा असतो, खालच्या स्टिकरवर छापलेला). मग ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा, गुगलचा सर्व्हर. राउटर उत्तर देतो आणि पुढे काही नाही, तर बहुधा कंपनीकडचं लॉगिन अडलं आहे. बिल भरलंय का आणि युजरनेम जागेवर आहे का बघा. ८.८.८.८ उत्तर देतो पण साइट उघडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही: रीस्टार्ट. रिसेट नव्हे.

राउटर आपोआप बंद-चालू होत असेल तर अ‍ॅडॅप्टर बघा. नवा घेतलात तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी नको. लाइट जाते तिथे राउटरचा छोटा यूपीएस घ्या. विजा कडाडण्याची चिन्हं दिसली की आधीच प्लग काढा.

तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक), तारीख, वेळ लिहून ठेवा. मुदतीत काम झालं नाही तर त्याच नंबरच्या आधारे अपील करता येतं, नंबर नसेल तर नाही. लाइनमनचा मोबाइल नंबर त्याच कागदावर. तो आला, जोडून झालं, तरी त्याला लगेच सोडू नका. युजरनेम-पासवर्ड तेच आहे की बदललं, हे त्याच्या तोंडून ऐका, आणि बदललं असेल तर तो दारात असतानाच कागदावर नवीन लिहून घ्या.