शिकारी रायफलची नळी बदलण्याआधी : कमी खर्चाच्या निवडीची तयारी

पुढील तयारी अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर परवाना काढून हरणाच्या हंगामात उतरणाऱ्या आणि हाती एखादी जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असलेल्या वाचकासाठी लिहिली आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही आणि शस्त्र अधिनियम, १९५९ शस्त्राच्या सुट्या भागांनाही शस्त्राच्या व्याख्येत धरतो. त्यामुळे इथे अमेरिकेत जी नळी, म्हणजे बॅरल, टपालाने घरपोच येते, तीच तिथे परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. गावी जाताना जुनी नळी शोभेची वस्तू म्हणून सामानात टाकण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो आत्ताच सोडून द्यावा. निर्यातीचा परवाना इकडे लागतो आणि आयातीचा तिकडे.

पहिले काम खरेदीचे नाही, तपासणीचे आहे. शंभर यार्डांवर पूर्वी दीड इंचात बसणाऱ्या गोळ्या आता चार इंचांत पसरू लागल्या, की नळी झिजली असे मानण्याकडे मनाचा कल असतो. पण वर्षाकाठी दोन डबे, म्हणजे चाळीस काडतुसे, झाडणाऱ्या शिकाऱ्याच्या हातून .३०-०६ किंवा .३०८ ची नळी झिजायला सारे आयुष्य जावे लागते, कारण या काडतुसांच्या नळ्या सामान्यतः काही हजार फैरी टिकतात. मोठ्या मॅग्नम काडतुसांची गोष्ट वेगळी आहे: तिथे अरुंद नळीतून जास्त दारू जळते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, लगेच पुढचा भाग, ज्याला घसा म्हणतात, उष्णतेने लवकर खरवडला जातो. म्हणून आधी दस्त्याचे स्क्रू आणि स्कोपच्या, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीच्या, बैठकीचे स्क्रू योग्य ताणाने आवळलेले आहेत का, हे टॉर्क रेंचने पाहावे. मग तांबे विरघळवणारे रसायन वापरून नळी नीट साफ करावी. मग तोंडाकडील कडेला एखादा ओरखडा किंवा चेमटा आहे का, हे भिंगातून पाहावे. आणि शेवटी वेगळ्या वजनाच्या गोळ्यांचा एक डबा झाडून पाहावा. मी स्वतः एकदा नळीची मागणी नोंदवण्याच्या बेतात होतो, तेव्हा स्कोपच्या पुढच्या बैठकीचा एक स्क्रू बोटाने फिरतो आहे असे लक्षात आले. तोंडाची कड खराब झाली असेल, तर ती लेथवर नव्याने कापून घेण्याचा खर्च नव्या नळीच्या तुलनेत किरकोळ असतो. हे सारे करूनही फरक पडला नाही, तर गनस्मिथकडून, म्हणजे बंदूक-कारागिराकडून, बोरस्कोपने (नळीच्या आत पाहायच्या बारीक दुर्बिणीने) घसा पाहून घ्यावा. तिथला धातू वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला आणि नळीत आतून कोरलेल्या खाचांच्या कडा पुसलेल्या दिसल्या, तरच पुढे जावे.

दुसरा प्रश्न मनाला थोडा लागणारा आहे: ही रायफल नळी बदलण्याच्या लायकीची आहे का? कारखान्यात बनलेली साधी नवी रायफल आज ज्या किमतीला मिळते, तेवढाच खर्च नळी, बसवणावळ आणि रंगकाम मिळून सहज होतो. म्हणून ज्या रायफलचा दस्ता अंगाला बसला आहे, चाप मनासारखा आहे, किंवा जी कोणा जवळच्या माणसाकडून मिळाली आहे, तिच्यासाठीच हा खटाटोप शोभतो. स्वस्तातली रायफल पुन्हा स्वस्त नळी लावून जगवणे हा बहुतेक वेळा आतबट्ट्याचा व्यवहार होतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर आपली अ‍ॅक्शन (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग) कोणत्या जातीची आहे हे लिहून ठेवावे, कारण खरी बचत किंवा खरी उधळपट्टी इथेच ठरते. नळी अ‍ॅक्शनमध्ये आट्यांवर बसते आणि काडतूस चेंबरमध्ये पूर्ण शिरल्यावर त्याच्या बुडामागे किती जागा उरते, म्हणजे हेडस्पेस किती राहते, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून असते. १९५८ साली आलेल्या सॅव्हेज ११० या रायफलीत नळीवर एक मोठा नट असतो. गो गेज, म्हणजे काडतुसाच्या आकाराचे किमान जागेचे माप, चेंबरमध्ये ठेवून नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळून ती जागा पक्की करायची, अशी ही रचना आहे. कारखान्याने ती मुळात उत्पादनाचा खर्च वाचवण्यासाठी निवडली, पण तिचा फायदा आज ग्राहकाला मिळतो, कारण चेंबर पूर्ण कापून आलेली तयार नळी लेथला हात न लावता बसते. रुगर अमेरिकन या रायफलीतही नटच आहे. याउलट १९६२ च्या रेमिंग्टन ७०० ची मूळ नळी खांदा टेकवून बसते, आणि अ‍ॅक्शन व खांदा यांच्यामध्ये धक्का सोसणारे कडे असते. तिच्यासाठी खांद्याऐवजी सॅव्हेजच्या धर्तीचा नट असलेल्या नळ्याही मिळतात आणि बोलीभाषेत त्यांना ‘रेमेज’ म्हणतात. जुनी माउझर ९८ किंवा १९३६ पासूनची विंचेस्टर मॉडेल ७० असेल, तर बहुधा चेंबर किंचित अपुरे ठेवलेली नळी येते आणि उरलेला भाग गनस्मिथ रीमरने कापून मापाला आणतो. म्हणजे एकाच किमतीची नळी सॅव्हेजवाल्याला स्वस्त पडते आणि माउझरवाल्याला जवळजवळ दुप्पट, ही गोष्ट किंमत पाहतानाच ध्यानात ठेवावी.

सॅव्हेज असेल तर आणखी एक बारकावा आहे. बहुतेक सॅव्हेजच्या आट्यांचा व्यास १.०५५ इंच असतो, पण काही मॉडेलांत १.१२० इंचांचा जाड बुंधा वापरलेला आहे. दोन्हींत इंचाला वीसच आटे असल्यामुळे विक्रेत्याच्या पानावर नजर टाकताना गफलत सहज होते. रायफलचा नेमका प्रकार, बोल्टचा डोका-भाग फिरता आहे की नाही आणि नट गुळगुळीत आहे की खाचांचा, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. जुनी नळी काढतानाही सावध असावे, कारण कारखान्यातले आटे कधीकधी इतके घट्ट बसलेले असतात की साधा पाना आणि जोर लावणारा माणूस दोघे मिळून अ‍ॅक्शनच पिळून टाकतात.

काडतूस बदलण्याचा मोह इथे होतोच. तो आवरता आला तर उत्तम. नाही आवरला, तर तीन मापे आधी पाहावीत. बोल्टच्या तोंडाचा व्यास हे पहिले माप आहे. .३०-०६, .२७०, .२५-०६, .३०८, .२४३ आणि ६.५ क्रीडमूर या साऱ्यांचे बूड सुमारे .४७३ इंचांचे असल्याने त्यांच्यात अदलाबदल करता येते, पण मॅग्नमचे बूड सुमारे .५३२ इंच आणि .२२३ चे .३७८ इंच असल्याने तिथे बोल्टच बदलावा लागतो. दुसरे माप लांबीचे: .३०८ च्या कुटुंबासाठी आखूड अ‍ॅक्शन पुरते, .३०-०६ ला लांब लागते. तिसरे माप रायफलमधल्या काडतुसांच्या खोक्याचे, म्हणजे मॅगझिनचे, जे अनेकदा शेवटी आठवते. त्यातच राज्याचा नियम पाहावा. ओहायोमध्ये हरणासाठी रायफलमध्ये सरळ भिंतीचे (म्हणजे पुढे मान निमुळती नसलेले) काडतूसच चालते, तिथे .४५० बुशमास्टर विचारात येतो, कारण त्याचे बूडही .४७३ इंचांचेच आहे, तर २०१९ मध्ये आलेल्या .३५० लेजंडला .२२३ च्या मापाचा बोल्ट लागतो. एखाद्या मित्राच्या सल्ल्याने घरगुती संशोधनातले अनवट काडतूस निवडू नये. त्याचा रीमर, काडतूस घरी भरण्याचे त्याचे डाय आणि त्याचे काडतूस, सारेच महाग पडते.

आता नळीच्या पिळाकडे यावे. खाचांचा पीळ ‘दहा इंचांत एक फेरा’ अशा भाषेत सांगतात, आणि गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद लागतो. .३०-०६ ला दहाचा पीळ दीडशे ग्रेनच्या, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमच्या, गोळीपासून सर्वांत जड शिकारी गोळीपर्यंत पुरतो, त्यामुळे तिथे डोके चालवायची गरज नाही. .२४३ चा जुना दहाचा पीळ शंभर ग्रेनपर्यंत ठीक चालतो, पण त्याहून लांब गोळ्यांसाठी आठचा बरा. ६.५ क्रीडमूरला तर आठचा हाच रूढ झाला आहे. हे सांगण्याचे कारण असे की, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना राज्यभर मनाई आहे; तांब्याच्या गोळ्या तेवढ्याच वजनाला अधिक लांब असल्याने मंद पिळाच्या जुन्या नळ्या तिथे अचानक अपुऱ्या ठरतात. आपल्या राज्यात आज बंदी नसली, तरी मागणी नोंदवताना एक पायरी जलद पीळ निवडल्याने शिकारीच्या अंतरावर काही बिघडत नाही.

पोलाद आणि घडण यांवर मी फार वेळ घालवणार नाही. क्रोम-मोली म्हणजे ४१४० जातीचे पोलाद स्वस्त असते, पण त्यावर ब्लूइंग किंवा दुसरा लेप द्यावा लागतो. ४१६आर हे स्टेनलेस थोडे महाग असले तरी लेपाचा खर्च वाचवते. मात्र मिनेसोटा किंवा मोंटानाच्या थंडीत, शून्य फॅरनहाइटखाली शिकार करणाऱ्याने उत्पादकाला आधी विचारावे, कारण काही उत्पादक पातळ स्टेनलेस नळ्यांबाबत तशा थंडीत सावधगिरीचा इशारा देतात. खाचा पाडण्याच्या पद्धतींत बटण ओढून केलेली नळी किफायतशीर पडते. एकेक खाच कापलेली नळी महाग असते आणि शिकारीच्या अंतरावर तिचा जास्तीचा नेमकेपणा वाया जातो. क्रायटेरियन, शायलन, डग्लस, मॅकगोवन आणि ई. आर. शॉ ही या बाजारात नेहमी कानांवर येणारी नावे आहेत. त्यांच्यातली निवड मी नावावरून न करता, माझ्या अ‍ॅक्शनची तयार नळी कोणाकडे, किती आठवड्यांत आणि कोणत्या परतीच्या अटीवर मिळते, यावरून करेन.

जाडी आणि लांबीचा निर्णय दस्त्यापाशी उभे राहून घ्यावा. जुन्या दस्त्यातल्या पन्हळीत बसेल तीच जाडी स्वस्त; जाड नळी घेतली की पन्हळ रुंद करणे आले आणि डोंगरात चालताना वजनही आले. बावीस इंच पुष्कळ झाले. लांबी कमी केल्यावर इंचामागे साधारण वीस ते तीस फूट प्रतिसेकंद वेग घटतो, जो दोनशे यार्डांवरच्या हरणाला कळत नाही. मात्र रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड झाली, की १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागू होतो. संघीय कायद्यात क्रमांक असलेली रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो मुख्य साचा, हीच ‘फायरआर्म’ ठरते आणि नळी सुटा भाग मानली जाते, पण राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून ते त्याच आठवड्यात पुन्हा वाचावेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तर रायफलची नळीसुद्धा फायरआर्म सर्टिफिकेटवर नोंदवावी लागते, आणि ती बसवलेली रायफल पुढे विकायची झाल्यास लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का लागतो.

वापरलेल्या नळ्यांचा एक वेगळा बाजार आहे. लोक नवी रायफल घेतात, लगेच महागडी नळी लावतात आणि कारखान्याची कोरी नळी मातीमोल विकतात. सॅव्हेजवाल्यासाठी ही खरीखुरी पर्वणी असते. खांद्यावर बसणारी नळी मात्र एका अ‍ॅक्शनवरून दुसरीवर नेली की हेडस्पेस जुळेलच असे नाही, म्हणून तिथे बचतीचा हिशेब गनस्मिथच्या बिलासह मांडावा.

हिशेबाचा कागद एकच ठेवावा आणि त्यावर नळीची किंमत, टपाल, जुनी नळी काढण्याची मजुरी, चेंबर व हेडस्पेसचे काम, गेज विकत की उसने, लेप, दस्त्याचे काम आणि नव्याने नेम जुळवण्यासाठी लागणारी किमान दोन डबे काडतुसे, अशा सगळ्या ओळी घालाव्यात. माझ्या अनुभवात शेवटच्या तीन ओळी बहुतेक लोक लिहीतच नाहीत. काम घरी केले, तरी गो आणि नो-गो (कमाल जागेचे माप) दोन्ही गेज लावून हेडस्पेस एखाद्या गनस्मिथकडून तपासून घ्यावा. ही काटकसरीची जागा नाही. नव्या नळीवर काडतुसाचे नाव कोरून घ्यावे आणि काडतूस बदलले असेल तर जुने डबे त्याच कपाटात ठेवू नयेत, कारण दोन वर्षांनी ती रायफल उचलणाऱ्याला आठवणीवर विसंबून राहायला लागू नये.

वेळेचे गणित उलट दिशेने करावे. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि सप्टेंबरपासून गनस्मिथच्या फळीवर रायफलींची रांग लागलेली असते. म्हणून मागणी फेब्रुवारीत नोंदवावी, बसवण्याचे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला उरकावे आणि पहिल्या चाळीस फैरी, थंड नळीने झाडलेली पहिली गोळी नेमकी कुठे पडते याची वेगळी नोंद करत, ऑगस्टपर्यंत पूर्ण कराव्यात. त्या नोंदीचा कागद रायफलच्या पेटीतच ठेवावा.