मुलांमधला संधिवात: घरी काय पाहावं, डॉक्टरांकडे केव्हा न्यावं

चार वर्षांचं मूल ‘माझा गुडघा आखडलाय’ असं सांगत नाही. ते उठल्यावर कडेवर घ्यायचा हट्ट करतं, उकिडवं बसायला नकार देतं, जिना उतरताना दर पायरीवर तोच पाय आधी टाकतं. तास-दीड तासाने मात्र तेच मूल पळायला लागतं, आणि घरचे म्हणतात, शाळेचा कंटाळा, दुसरं काय! म्हणून ‘कुठं दुखतंय?’ एवढं विचारून थांबू नका, त्याच्या हालचाली बघा.

आधी सकाळ बघा

मूल अंथरुणातून उठतं तेव्हापासून पहिला अर्धा तास लक्ष द्या. लंगडतंय का? ब्रश नीट धरता येतोय का? संधिवातातला ताठरपणा विश्रांतीनंतर वाढतो आणि हालचालीने सुटतो. मार लागला असेल तर उलट वापराने दुखणं वाढतं. गणपतीच्या आधी ढोलपथकात सरावाला जाणाऱ्या मोठ्या मुलांचं मनगट दुखलं तर दोष ढोलाला जातो. सराव थांबवल्यावरही रोज सकाळी मनगट आखडत असेल, तर कारण दुसरं आहे.

रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात, चेपून दिल्या की मूल झोपतं आणि सकाळी ठणठणीत उठतं, हे बहुधा वाढीचं दुखणं. त्यात सूज नसते, लंगडणं नसतं.

मग घरच्या घरी ही तपासणी करा

खेळ म्हणून करून घ्या. चवड्यांवर चालायला सांगा, मग टाचांवर. हात पुढे ताणून बोटं सरळ, लगेच घट्ट मूठ. तळवे जोडून नमस्कार, कोपरं बाजूला वर उचललेली. तळहातांमध्ये फट राहते का पाहा. हात वर करून छताकडे बघायला लावा, त्यात मानही तपासली जाते. शेवटी तोंड उघडून स्वतःचीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघा, कारण जबड्याचा सांधाही धरतो आणि तो कुणी तपासत नाही.

आता मुलाला पाय पसरून झोपवा. गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसतात. एका गुडघ्याचा खळगा भरून आलेला असेल, तर तिथे सूज आहे. हाताची मागची बाजू दोन्ही गुडघ्यांवर आळीपाळीने टेकवा; एक गुडघा ऊन लागतो का पाहा. लहान मुलांत अनेकदा दुखणं फारसं नसतं, सूज तेवढी असते.

सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली आणि 6 आठवडे किंवा जास्त टिकलेली सांध्याची सूज, दुसरं कारण सापडलं नाही, तर ती बालसंधिवात समजली जाते. पण डॉक्टरांकडे जायला 6 आठवडे थांबायचं नाही. सांधे दुखण्याची दुसरी कारणंही असतात: पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनिया असतोच आणि त्यानंतरही सांधे बरेच दिवस दुखतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारं दुखणं आलं, तर तो आमवाताचा ताप असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, म्हणून तो निसटू देऊ नका.

सांध्यांपलीकडेही बघा

पुढच्यापैकी काही दिसलं तर तेही डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त रोज ठरावीक वेळी चढणारा ताप आणि तापासोबत उठून विरणारं फिकट गुलाबी पुरळ. पायांवर, कुल्ल्यांवर हाताला लागणारे जांभळे ठिपके आणि पोटदुखी. यात पुढे काही महिने लघवी तपासत राहावी लागते. गालांवर-नाकावर लाली, तोंडात व्रण, केस गळणं. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे, आणि पर्वतीच्या पायऱ्या धावत चढणारं मूल आता जमिनीवरून उठतानाही हाताचा आधार घेतं: हा स्नायूंचा दाह.

लहान मुलाला 5 दिवस ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, हातपाय सुजलेले असतील तर कावासाकी आजाराची शंका त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्याचं औषध तापाच्या पहिल्या 10 दिवसांत मिळालं, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा धोका बराच कमी होतो.

एकच सांधा गरम, लाल, सोबत ताप आणि मूल पाय टेकूच देत नाही, तर रात्र असली तरी निघा. सांध्यात पू झालेला असू शकतो. हाडं दुखून झोपमोड होणं, फिकेपणा, वजन घटणं, अंगावर काळे-निळे डाग यांत आधी रक्ताचा कर्करोग नाही ना हे पाहावं लागतं. म्हणूनच निदानाआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नका; त्याने खरा आजार झाकला जातो.

डॉक्टरांकडे जाताना

मोबाइलवर सकाळच्या चालण्याचा व्हिडिओ, पुरळाचे फोटो आणि तापाच्या वेळांची नोंद न्या. दुपारच्या ओपीडीत मूल टुणटुणीत दिसतं, तेव्हा हेच कामी येतं. ‘आरए फॅक्टर’ ही संधिवातासाठीची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका, बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत ती निगेटिव्हच असते. निदान सूज आणि तपासणीवर ठरतं.

आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, मग बाल-संधिवाततज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर सुरुवात पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागापासून करा. निदान झालं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी मागून घ्या. बालसंधिवातात काही मुलांचा डोळा आतून सुजतो, तरी तो बहुधा लाल होत नाही आणि दुखतही नाही. लहान वयात आजार सुरू झाला असेल आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, तर ही तपासणी साधारण दर 3 महिन्यांनी लागते, सांधे बरे वाटत असले तरी.