रॅम, एसएसडी किंवा स्क्रीन बदलल्यावर जुना लॅपटॉप काळाच राहतोय? मदरबोर्ड गेला म्हणायच्या आधी हे करून बघा

नवीन रॅम टाकली, मागचं कव्हर लावलं, सगळे स्क्रू फिट केले, बटण दाबलं, दिवा लागला, फॅनपण फिरला आणि स्क्रीन काळी ठिक्कर. अशा वेळी पहिला विचार येतो तो "गेला मदरबोर्ड" हाच. पण जरा थांबा. मशीन उघडायच्या आधी चालू होतं ना? मग उघडल्यावर तुम्ही ज्याला ज्याला हात लावलात तेवढेच संशयित. बहुतेक वेळा काहीतरी नीट बसलेलं नसतं नाहीतर नवीन पार्ट त्या मशीनला चालणाराच नसतो, बोर्ड खरंच उडणं हे त्या मानाने कमी वेळा होतं. म्हणून नवीन काही विकत घ्यायच्या आधी सरळ उलटं जायचं, म्हणजे जुना पार्ट परत टाकून बघायचा. जुन्यावर चालू झाला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. (जुनी रॅम लगेच विकून टाकणाऱ्यांनो, पुढच्या वेळी आठवडाभर तरी थांबा.)

त्याच्याही आधी काळी स्क्रीन म्हणजे नक्की कशी काळी ते बघून घ्या, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

दिवाच लागत नाही, फॅन नाही, काहीच नाही: मग प्रश्न स्क्रीनचा नाही, पॉवरचा आहे. चार्जर, बॅटरीचा कनेक्टर, आणि पॉवर बटणाची ती बारीक रिबन केबल बघा. कीबोर्ड किंवा वरचं कव्हर काढलं असेल तर ही केबल हमखास अर्धवट बसते.

दिवा लागतो, फॅन फिरतो, पण लोगो येत नाही: इथे कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर बोर्ड जिवंत आहे, मशीन आतून सुरू झालंय आणि फक्त चित्र दिसत नाहीये, म्हणजे डिस्प्लेच्या बाजूला शोधा. दिवा ढिम्म असेल तर रॅम किंवा प्रोसेसरपाशीच गाडी अडलीये.

लोगो येतो आणि मग काळं होतं: हार्डवेअर बहुतेक ठीक आहे, विंडोजचं किंवा बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणारा बोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम) सेटिंगचं लफडं आहे.

सुरू होऊन काही सेकंदांत स्वतःच बंद पडतो: हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. खाली सांगतो.

आता सगळ्यात सोपा उपाय, जो लोक सोडून देतात. चार्जर काढा, बॅटरी काढा (आतली असेल तर कव्हर उघडून तिचा कनेक्टर काढा), आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करा. ऐकायला जादूटोणा वाटतो पण अडकलेला बोर्ड बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतो, आणि असंही आत हात घालायच्या आधी बॅटरी सोडवायलाच पाहिजे त्यामुळे वेळ वाया जात नाही.

रॅमवर जरा जास्त बोलतो कारण बहुतेक केसेस इथेच सुटतात. लॅपटॉपची रॅम तिरकी घालायची असते, पूर्ण आत ढकलायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक करून बसल्या पाहिजेत. एकच क्लिप लागली असेल तर वरून बसल्यासारखी दिसते पण सोनेरी कडा थोडी बाहेर राहते आणि तेवढ्यावरच स्क्रीन काळी. काढा, सोनेरी पिनांना बोट लावू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने हलकं पुसा, वाळू द्या, परत बसवा. मग एकच स्टिक एका स्लॉटमध्ये, तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक, असं सगळं आलटून पालटून बघा म्हणजे स्टिक खराब आहे का स्लॉट ते कळतं. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मशीन नवीन रॅम ओळखायला वेळ घेतात, स्क्रीन काळी राहते किंवा स्वतःच एकदा बंद होऊन परत सुरू होतं, तेव्हा पाचव्या सेकंदाला बटण दाबून मारू नका, दोन-तीन मिनिटं द्या.

नीट बसली तरी चालत नाही? मग प्रकार तपासा. रॅमच्या पिढ्यांना डीडीआर२, ३, ४ अशी नावं आहेत: डीडीआर२ ला २०० पिन, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, आणि खाचेची जागा वेगळी, त्यामुळे चुकीची पिढी स्लॉटमध्ये जातच नाही. खरी गंमत डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये आहे. दोन्ही २०४ पिन, खाच तीच, बसतात अगदी मस्त, पण साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर आणि एल वाली १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे जे लॅपटॉप डीडीआर३एल मागतात त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये साधी टाकली की थेट काळी स्क्रीन. उलटं मात्र सहसा चालतं, एल वाली जुन्या मशीनमध्ये १.५ वर पळते. स्टिकरवर पीसी३ आहे का पीसी३एल एवढं बघून घ्यायचं.

दुसरं म्हणजे क्षमता. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या आय३, आय५ लॅपटॉपची मर्यादा एकूण ८ जीबी, म्हणजे दोन स्लॉट असतील तर प्रत्येकात ४ ची स्टिक. तिथे ८ जीबीची एकच स्टिक टाकून चालेल असं धरू नका, स्टिक चांगली असली तरी मशीनला ती वाचता येत नाही. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल काढून कमाल किती ते आधी बघा.

बीप वाजतायत किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय? मोजा आणि लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघून काही ठरवू नका.

आता डिस्प्ले. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, व्हीजीए किंवा एचडीएमआय जे असेल ते, आणि एफएन बरोबर स्क्रीनचं चित्र असलेली की दाबा. तिकडे चित्र आलं तर बोर्ड ठीक, पॅनल किंवा त्याची केबल बघा. मॉनिटर नसेल तर अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधुक लोगो किंवा अक्षरं दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड (बॅकलाइट) गेलाय. साधारण २०१० च्या आधीच्या जुन्या पॅनलमध्ये मागे ट्यूब असते आणि तिला वेगळा इन्व्हर्टर (घरातला नाही, ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारी छोटी पट्टी), चालू असताना त्याला अजिबात हात लावू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

पॅनल बदलल्यानंतरचा काळोख असेल तर दोन गोष्टी. एक, पॅनल एलव्हीडीएस आहे का ईडीपी (बोर्डाकडून पॅनलकडे चित्र नेण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती). जुने लॅपटॉप एलव्हीडीएस, नंतरचे ईडीपी, आणि ३० पिन, ४० पिन दोन्ही प्रकारांत सापडतात म्हणून नुसत्या पिना मोजून भागत नाही, पॅनलच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. दोन, स्क्रीनची केबल जोडताना बॅटरी लागलेली होती का? तसं असेल तर बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडालेला असू शकतो. तो फ्यूज बोर्डवर सोल्डर केलेला असतो, ते काम मल्टीमीटर आणि सवयीचा हात असलेल्या माणसाचं.

केबल बिजागरीत चेपलीये का तेही बघा, झाकण हळूहळू मागेपुढे केल्यावर चित्र येऊन जातं का.

हीटसिंक काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट बदलली असेल तर स्क्रू त्यावर छापलेल्या नंबरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा, आणि फॅनचा कनेक्टर परत लावलाय ना बघा. हीटसिंक प्रोसेसरवर टेकला नाही तर मशीन तापून लगेच बंद होतं. प्रोसेसरच बदलला असेल तर सॉकेट जुळलं म्हणजे झालं असं नाही, बायोसला तो माहीत पाहिजे. जुना प्रोसेसर परत टाका, बायोस अपडेट करा, मग नवीन. आणि शेवटी एक स्क्रू जास्त उरला असेल तर तो उरलाय का कुठे बोर्डखाली पडलाय ते शोधा! लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तरी शॉर्ट होतो.

एसएसडीमुळे लोगोच येत नाही असं क्वचित होतं. काढून चालू करा, बायोस दिसलं तर मदरबोर्डला दोष देऊ नका. वायफाय कार्डचंही तसंच, काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप यादीबाहेरचं कार्ड नाकारतात, पण तेव्हा सहसा स्क्रीनवर मेसेज येतो.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर सगळं काढा: डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वायफाय कार्ड, यूएसबीला जे काही लटकलंय ते. एक रॅम, हीटसिंक आणि चार्जर, एवढ्यावर चालू करा. बायोसचा सेलपण काढून दहा मिनिटांनी परत लावा, बहुतेक सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. चालू झाला तर एकेक पार्ट जोडत जा, प्रत्येक वेळी बंद करून, बॅटरी काढून. सेल काढल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, त्यामुळे लोगोनंतर बूट डिस्क नाही असं आलं तर घाबरू नका, यूईएफआय का लेगसी (मशीन बूट करायच्या दोन पद्धती) आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे का ते आधीसारखं करा.

लोगोनंतर काळं होत असेल तर विंडोज १० वर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर परत सुरू होतो. नाही झालं तर सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून धरून बंद करा, रिकव्हरीचा मेनू येतो, तिथून सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर काढून टाका.

जळका वास आला किंवा बॅटरी फुगलेली दिसली तर प्रयोग तिथेच बंद. दुरुस्तीला देताना काय बदललं, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, बाहेरच्या मॉनिटरवर काय दिसलं, बीप किती, हे कागदावर लिहून द्या, आणि जुनी रॅमपण सोबत द्या.