कॅम्पर ओढायला डिझेल पिकअप घ्यायचा की गॅसचा? पैसे भरायच्या आधी या चुका टाळा

मार्च महिना लागला की मला फोन यायला लागतात, की आम्ही यंदा कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतोय, तर ओढायला डिझेल ट्रक बघू का गॅसचा (इथे गॅस म्हणजे पेट्रोल). आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, सहा वर्षं झाली २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढतोय, आणि त्यातले निम्मे मैल तरी मी स्वतः चालवलेत. आधी अर्धा टनी (ही ट्रकची नुसती वर्गवारी, खरं वजन नव्हे) गॅसचा ट्रक होता, आता पाऊण टनी आहे, तोही गॅसचाच. डिझेल वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही, पण लोक इंजिनावर भांडत बसतात आणि खरी चूक दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

पिवळा स्टिकर न वाचणं

ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर टायर प्रेशरचा एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ देऊ नका. हे पेलोड. जाहिरातीत जो ११,००० पाउंड, १३,००० पाउंड असा मोठा आकडा असतो तो ओढायचा, आणि फॅमिली घेऊन फिरणाऱ्यांचं पेलोड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी संपतं, कारण ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवरून, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावरून, थेट ट्रकच्या पाठीवर येतो. फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यातच अडकवायचा मोठा ट्रेलर, असेल तर १५ ते २५ टक्के.

आमचाच हिशेब सांगते. पहिल्या ट्रकचा स्टिकर १,५१२ पाउंडांचा. ट्रेलर भरून ६,९०० भरला, त्याचे हिचवर ९००. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटणारा) स्वतःच ९० पाउंडांचा. आम्ही चौघं मिळून ४८०, त्या वर्षी सासू-सासरे, म्हणजे आई-अण्णा, आले होते त्यांचे २९०, आणि मागे कूलर, जनरेटर, लाकडं धरून १५०. करा बेरीज, १,९१० होतात. म्हणजे जवळपास ४०० पाउंड जास्त. आणि ही बेरीज आम्ही केली ती निघाल्यावर, वाटेतल्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर, कारण मागची बाजू खाली बसलेली, हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यात जातायत आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतंय हे मला जाणवत होतं. आई-अण्णा मागच्या सीटवर बसलेले आणि आपण असं चालवतोय, याचं मला आजही वाईट वाटतं.

विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं की ट्रेलर ‘हाफ टन टोएबल’ आहे. तो बोलत होता ड्राय वेटवर, त्यात बॅटरी नाही, प्रोपेन नाही, पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत. पाणी एका गॅलनला ८.३४ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० च्या वर गेलात. म्हणून ड्राय वेट विसरा, ट्रेलरच्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं भरून चालणारं जास्तीत जास्त वजन, धरा आणि त्याचे १३ टक्के काढा.

‘डिझेल म्हणजे जास्त वजन उचलणार’ असं धरून चालणं

ओढतो तो जास्त, यात वादच नाही. रॅमच्या हाय आउटपुट कमिन्स डिझेलचा टॉर्क १,०७५ पाउंड-फूट, तोही १,८०० आरपीएमला, आणि फोर्डचा ७.३ लिटरचा गॅस व्ही-८ आला २०२० मध्ये तेव्हा त्याचा होता ४७५, तो मिळायला ४,००० आरपीएम लागतात. पण डिझेल इंजिन स्वतःच काही शे पाउंड जड असतं, आणि पाऊण टनी बऱ्याच ट्रकांचं एकूण वजन १०,००० पाउंडांवर अडवलेलं असतं, म्हणजे इंजिनाचं जास्तीचं वजन कापलं जातं ते तुमच्या पेलोडमधून. दुसरा ट्रक बघायला गेलो तेव्हा लॉटमध्ये एकाच मॉडेलचे दोन शेजारी शेजारी उभे होते, गॅसवाल्याचा स्टिकर २,९०० च्या वर आणि डिझेलवाल्याचा २,१०० च्या आत. फिफ्थ व्हील घेणाऱ्यांनी हे फारच जपून बघावं. डिझेल हवंच असेल तर बऱ्याचदा एक टनी, म्हणजे ३५० किंवा ३५०० घ्यावा लागतो.

गावाकडचा हिशेब इथे लावणं

आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की डिझेल स्वस्त. घरी सुमो, बोलेरो बघत मोठे झालो, तिकडे ते खरंही होतं. इथे डिझेल बहुतेक वेळा रेग्युलर गॅसपेक्षा महाग असतं, नुसता फेडरल टॅक्सच बघा, गॅसवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४.

समजा वर्षाला ५,००० मैल ट्रेलर ओढला आणि ७,००० मैल रिकामा ट्रक चालवला. गॅसला गॅलनमागे ओढताना ९ आणि रिकामं १४ मैल पडतात, डिझेलला १२ आणि १७. गॅलनला गॅस ३.२५ डॉलर, डिझेल ३.७५ धरा. ओढताना वर्षाला साधारण २४० डॉलर वाचतात आणि रिकामं चालवताना ८०. ट्रक घेताना डिझेल इंजिनाचे जास्तीचे १०,००० डॉलरच्या आसपास मोजता, ते या ३२० मधून फिटायला तीस वर्षं लागतील, आणि डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव), फ्युएल फिल्टर, बारा-तेरा क्वार्टचा ऑइल चेंज हे मी अजून धरलंच नाहीये. विकताना डिझेलला भाव चांगला येतो हे खरं, आणि वर्षाला १५-२० हजार मैल जड ट्रेलर ओढणाऱ्यांचं गणित वेगळंच बसतं. तुमचे आकडे घालून बघा.

घाट चढताना घाबरणं, उतरताना न घाबरणं

कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेली असते. डिझेलला टर्बो असतो म्हणून त्याला हे फारसं जाणवत नाही, पण मग फोर्ड एफ-१५० च्या ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनालाही टर्बो आहेत आणि तोही गॅसवरच चालतो. म्हणजे उंचीवरचा सवाल खरं तर टर्बो आहे की नाही हा आहे. आमच्या ट्रकला टर्बो नाही, चढावर ४,५०० आरपीएमला ओरडतो, पहिल्यांदा मी घाबरून पाय काढला आणि मागे रांग लागली. गॅस व्ही-८ त्यासाठीच बनवलेला असतो. टो-हॉल मोड (ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारं बटण) लावा, उजवी लेन धरा, टेंपरेचरवर नजर ठेवा, आणि ओरडू द्या त्याला.

उतार मात्र गंभीर आहे. बाबा खंबाटकीतून टेंपो न्यायचे, ते म्हणायचे ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ते इथेही लागू आहे, फक्त आताच्या ताकदवान ट्रकांना उतरताना त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठीचे एस्केप रॅम्प उगीच बांधलेले नाहीत. वेग आधीच कमी करा, खालचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून वेग ताशी पाच-दहा मैलांनी कमी करा आणि ब्रेक पूर्ण सोडा. डिझेलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, डिझेल इंजिनाला गॅससारखा थ्रॉटलचा अडसर नसतो, त्यामुळे ते स्वतःहून फार अडवत नाही, तिथे काम करतो एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला गाडी अडवायला लावणारा), आणि बऱ्याच ट्रकांमध्ये त्याचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं. ते दाबलेलं असलं की डिझेल उतारावर जे सुख देतं ते गॅसमध्ये नाही, हे मी मान्य करते.

डिझेल घेऊन शाळा आणि कॉस्टको करणं

एक्झॉस्टमधला डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी धरतो आणि ती जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, त्यासाठी हायवेवर सलग वीस-तीस मिनिटं पळवायला हवं. रोज तीन मैल जाऊन-येऊन बंद केला की फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, शेवटी ताकद कापली जाते. दिवा लागला तर हायवेवर काढा, साफसफाई चालू असताना मध्येच बंद करू नका, आणि वाळल्या गवतावर तर अजिबात उभा करू नका, एक्झॉस्ट प्रचंड गरम असतो, आग लागू शकते.

निळ्या झाकणाच्या तोंडात डीईएफच जातं आणि डिझेलच्या टाकीत डिझेलच. उलटसुलट झालं किंवा डिझेलच्या टाकीत गॅस भरला गेला, तर चावी लावू नका, टो करून न्या. इंजिन चालू केलं की ते पंप आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि मग बिल हजारोंत जातं.

थंडीत दक्षिणेचं डिझेल घेऊन वर येणं

आमच्या ओळखीतले एक जण डिसेंबरात ॲरिझोनातून टाकी फुल करून आले, रात्री पारा शून्य फॅरनहाइटला, सकाळी ट्रक चालू होईना. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद झालेला. गरम हवामानातल्या पंपावर हिवाळी मिश्रण असेलच असं नाही, म्हणून थंड भागात शिरल्यावर तिथलंच डिझेल भरा, आणि अँटी-जेल टाकायचं तर गोठायच्या आधी टाका, नंतर टाकलेलं फिल्टरपर्यंत पोचतच नाही. गोठलंच तर नवा फिल्टर लावून ट्रक उबदार गॅरेजमध्ये ढकला आणि थांबा, सारखा स्टार्टर मारून बॅटरी घालवू नका. डीईएफसुद्धा १२ फॅरनहाइटच्या आसपास गोठतं, पण त्याची काळजी नको, टाकीत हीटर असतो आणि गाडी चालू झाली की ते आपोआप वितळतं.