मूत्रपिंडाच्या धमनीचा अन्युरिझम: सोनोग्राफी शिकणाऱ्या नवोदित डॉक्टरांसाठी

ठाण्यातील निदान केंद्रात सोनोग्राफीसाठी येणाऱ्यांपैकी बरेच जण मुतखड्याच्या शंकेने पाठवलेले असतात, आणि त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरची नजर खडा व सूज एवढेच शोधायला सरावते. मूत्रपिंडाच्या धमनीचा फुगा, म्हणजेच अन्युरिझम, याच सवयीमुळे निसटतो. तो हजारात साधारण एखाद्यालाच असतो, बहुधा दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडतो, आणि मुख्य धमनी जिथे दुभागते तिथे, म्हणजे हायलमपाशी (रक्तवाहिन्या मूत्रपिंडात शिरतात त्या खाचेपाशी), बहुतेक वेळा आढळतो. साध्या सिस्टही, म्हणजे पाण्याने भरलेल्या निरुपद्रवी पिशव्या, तिथे दिसू शकतात.

वागळे इस्टेटमधून आलेल्या चाळिशीतल्या एका बाईंच्या जुन्या रिपोर्टमध्ये उजव्या हायलमपाशी ‘सिस्ट’ अशी नोंद होती, आणि पडद्यावरही ती काळी, गोल, पातळ भिंतीची, सिस्टसारखीच दिसत होती. ‘ताई, श्वास रोखून धरा’ असे सांगून कलर डॉपलरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह दिशेनुसार रंगात दाखवणारी, चौकट त्या ‘सिस्ट’वर आणली, तर अर्धी पोकळी लाल आणि अर्धी निळी भरली, कारण आत रक्त गोल फिरत होते. अशा ‘सिस्ट’मध्ये कुणी पाणी काढायला सुई घातली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने एकदा करावा.

सीटी अँजिओग्राफीत (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये) अन्युरिझम निश्चित झाला, शिवाय मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला पाचरीच्या आकाराचा, कॉन्ट्रास्ट न पोहोचलेला भागही दिसला. फुग्यात रक्त मंदावते, गुठळी धरते, तिचे तुकडे पुढच्या फांद्यांत अडकतात आणि तेवढा भाग मरतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन मात्र नॉर्मल होते, कारण दुसरे मूत्रपिंड भार उचलते. म्हणून रक्ताच्या अहवालावर विसंबून राहू नये. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझियासारख्या, धमनीच्या भिंतीची वाढ बिघडवणाऱ्या आजारात फुग्याजवळच धमनी अरुंदही झालेली असते. तेव्हा कमी रक्त मिळालेले मूत्रपिंड रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य सोडते, रक्तदाब चढतो आणि तो निरोगी बाजूलाही इजा करतो.

डॉपलरलाही मर्यादा आहेत. फुगा गुठळीने पूर्ण भरला असेल तर रंग दिसत नाही, आणि वेगाची पट्टी (यंत्र किती वेगाचा प्रवाह दाखवेल ते ठरवणारी मोजपट्टी) फार वर ठेवली तर मंद प्रवाह दिसत नाही. म्हणून ती खाली आणून पुन्हा पाहावे. भिंतीत कॅल्शियमची कडा दिसली तर संशय वाढवावा.

उपचार रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक ठरवतात. अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या 2020 मधील मार्गदर्शनानुसार लक्षणे नसलेल्या, गुंतागुंत नसलेल्या फुग्यासाठी 3 सेंटिमीटरपेक्षा मोठा आकार ही उपचाराची मर्यादा धरतात. मात्र गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीत आकार लहान असला तरी उपचार सुचवतात, कारण गरोदरपणात फुगा फुटल्यास आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. त्यामुळे रिपोर्टमध्ये आकार मिलिमीटरमध्ये, नेमकी जागा, गुठळी आहे की नाही आणि दुसऱ्या मूत्रपिंडाची स्थिती लिहावी, आणि रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा.